दात्याचा हात आणि स्नेह्याचा हात
(कमिटीच्या साधारण सभेंत झालेलें व्याख्यान)



दुष्काळनिवारण कमिटीच्या सभेंत बोलावयास उभें राहणाऱ्यानें धान्याचे भाव, गुरांचा चारा, विहिरींचें पाणी आणि वर्गणीची यादी यांविषयीं बोलावें, अशीच आपली अपेक्षा असणार. तो सर्व मजकूर या अहवालांत यथास्थळीं छापलेला आहेच. परंतु वहीखात्याला जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात, त्यांखेरीज दानधर्माच्या हिशेबाला आणखी एक तिसरी बाजू असते, आणि ती कोणत्याहि वहींत लिहिली जात नाहीं. देणारा देतो त्या वेळीं घेणाऱ्याच्या मनाचें काय होतें, ही ती बाजू होय. त्याचें पोट भरतें हें खरें. पण त्याची मान ताठ राहते कीं खालीं जाते? आज घेतलेला हात उद्यां कोणाला कांहीं देण्याजोगा होतो, कीं जन्मभर पसरलेलाच राहतो? या प्रश्नाचा विचार ज्यांनीं आयुष्यभर केला, नुसता केला नाहीं तर आचरून दाखविला, अशा एका पुरुषाचें चरित्र आज आपल्यापुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हे गृहस्थ म्हणजे अँग्लिकन चर्चचे पहिले हिंदी बिशप, वेदनायकम् सॅम्युएल अझरय्या. कोणी म्हणेल, परधर्माच्या आचार्याची कथा आमच्यासारख्यांच्या सभेंत कशाला? त्यास आमचें उत्तर असें कीं, भुकेला जात नाहीं, दुष्काळाला धर्म नाहीं, आणि दान कसें करावें हें शिकावयाचें असेल तर तें जेथें मिळेल तेथून घ्यावें. त्यांच्या धर्ममतांचें मंडन किंवा खंडन करण्याचा आमचा हेतु नाहीं.

अझरय्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजीं दक्षिणेंत तिरुनेलवेली जिल्ह्यांतील वेल्लालनविलै या खेड्यांत झाला. वडील तॉमस वेदनायकम् हे नाडार जातींतले. लहान वयांत मिशनच्या शाळेंत शिकले, ख्रिस्ती झाले आणि पुढें खेड्यांतले धर्मोपदेशक बनले. नाडार ही जात पुष्कळ अंशीं ताडाच्या झाडांवर चढून रस काढणें व त्याचा गूळ करणें या कष्टांवर जगणारी, आणि त्या काळीं देवळांत तिला मज्जाव. मूल दोन-तीन वर्षांचें होतें न होतें तोंच १८७६ ते १८७८ चा तो घोर दुष्काळ पडला. मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचा मुलूख, आणि आमच्याकडे सोलापूर, अहमदनगर, पुणें, सातारा, विजापूर या साऱ्या प्रदेशाला त्यानें एकाच वेळीं घेरलें. मेलेल्यांची संख्या पन्नास लक्षांहून अधिक होती असें इतिहासकार मानतात. त्या आपत्तींत व तिच्या मागोमाग तिरुनेलवेलीच्या बाजूस हजारों गोरगरीब लोक ख्रिस्ती मंडळींत आले. आणि तेव्हांपासून एक आक्षेप त्यांच्या पाठीस लागला, तो असा कीं, हे लोक देवासाठीं आले नाहींत, तांदुळासाठीं आले. ज्या मुलखांत हा आक्षेप घरोघर ऐकूं येई, त्याच मुलखांत अझरय्या लहानाचे मोठे झाले. पुढें त्यांनीं त्या आक्षेपास जें उत्तर दिलें, तें वादविवादानें दिलें नाहीं. कसें दिलें, तें आम्ही यथाक्रम सांगणार आहों.

प्राथमिक शिक्षण आटोपून ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांत गेले. गणित हा त्यांचा आवडता विषय. परंतु शेवटच्या परीक्षेच्या वेळीं आजारी पडल्यामुळें पदवी हातची गेली, आणि त्यांनीं पुन्हां परीक्षा दिली नाहीं. १८९५ सालीं ते ख्रिस्ती तरुणांच्या संघाचे, म्हणजे वाय्. एम्. सी. ए. चे, चिटणीस झाले आणि दक्षिण हिंदुस्थानभर फिरूं लागले. १८९८ सालीं अंबु मरियम्माळ या सुशिक्षित मुलीशीं त्यांचा विवाह झाला. पुढें पतीच्या प्रत्येक कामांत या बाईंचा वांटा राहिला.

१९०२ सालीं कामानिमित्त ते सिलोनांत जाफन्यास गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक आपल्याच पैशानें आपले कार्यकर्ते परप्रांतीं पाठवीत आहेत, असें त्यांना आढळून आलें. हें पाहून त्यांना स्वतःच्या जिल्ह्याची लाज वाटली. तिरुनेलवेलींत ख्रिस्ती वस्ती मोठी, पिढ्यान्‌पिढ्यांची. पण सारें काम विलायतेहून येणाऱ्या पैशावर चाललेलें. घेण्याची संवय इतकी अंगवळणीं पडली होती कीं, आपणहि कोणाला देऊं शकतों हा विचारच कोणाला शिवला नव्हता. परत आल्यावर त्यांनीं खटपट करून १२ फेब्रुवारी १९०३ रोजीं तिरुनेलवेलीची हिंदी मिशनरी सोसायटी स्थापन केली. पैसा येथला, माणसें येथलीं, कारभारहि येथला, हा तिचा नियम. जवळजवळ तीन वर्षांनीं, २५ डिसेंबर १९०५ रोजीं, बंगालमधील श्रीरामपूर येथें याच तत्त्वावर अखिल हिंदुस्थानासाठीं नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली, आणि तिचे चिटणीसपदहि अझरय्यांकडे आलें.

तिरुनेलवेलीच्या सोसायटीनें कामासाठीं निवडलेलें ठिकाण म्हणजे दोर्णकल. तें निजामाच्या राज्यांत, तेलंगणांत, रेल्वेच्या फांट्यावरचें गांव. आमचा मराठवाडाहि १९४८ पर्यंत याच राज्यांत होता, हें आपणांस सांगावयास नको. तेथील वेठ, तेथील देशमुखी आणि तेथील सावकारी पाश यांची आठवण आपल्यांतील कांहीं घराण्यांत अद्याप असेल. भाषा तेलुगु, तमिळ मनुष्यास ती परकीच. दुसऱ्यांना तेथें जा म्हणून सांगणाऱ्यानें आपण मात्र मद्रासेंत बसावें, हें अझरय्यांना रुचेना. १९०९ सालीं त्यांनीं चिटणीसाचें काम सोडलें, धर्मदीक्षा घेतली, आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं तेलुगु बोलीभाषा शिकत ते दोर्णकलास जाऊन राहिले.

पुढच्याच वर्षीं, जून १९१० मध्यें, स्कॉटलंडांत एडिंबरो येथें जगांतील प्रॉटेस्टंट मिशनांची मोठी परिषद भरली. सुमारें बाराशें प्रतिनिधि जमले. त्यांत आशियांतील मंडळी वीसहि भरत नव्हती. परदेशी मिशनरी व एतद्देशीय कार्यकर्ते यांच्या परस्पर संबंधाविषयीं बोलण्यास अझरय्यांना सांगण्यांत आलें होतें. ज्या सभेंत बहुतेक सर्व श्रोते दाते, आणि वक्ता घेणाऱ्यांच्या पक्षाचा, अशा सभेंत कोणीहि सामान्य मनुष्य आभार मानून खालीं बसला असता. अझरय्यांनीं आभार मानले. मिशनऱ्यांनीं केलेला त्याग येणाऱ्या पिढ्या विसरणार नाहींत, हें त्यांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें. पण पुढें त्यांनीं सांगितलें कीं, तुम्ही आम्हांस द्रव्य दिलेंत, कष्ट दिलेत, प्राणहि दिलेत. तरी तुमच्या-आमच्यांत एक अंतर आहे. तुम्ही आमचे वरिष्ठ आहां, उपकारकर्ते आहां. पण एका पंक्तीला बसणारे, घरीं येणारे-जाणारे मित्र नाहीं. आतां आम्हांस मैत्री पाहिजे.

सभा स्तब्ध झाली. कांहींना तें फार लागलें. हा कृतघ्नपणा आहे असेंहि कोणी म्हणाले. पण त्या परिषदेंतील शेंकडों भाषणें लोक विसरून गेले, आणि हें एक भाषण शंभर वर्षें उलटून गेल्यावरहि आठवलें जातें. आमच्यापैकीं प्रत्येक देणगीदारानें तें आपल्याविषयींच झालें असें समजून एकदां मनाशीं घोळवावें, असें आम्हांस वाटतें.

इकडे मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांच्या मनांत अझरय्यांना बिशप करावें असें होतें. त्यास विरोध झाला. गोऱ्या मिशनऱ्यांनीं काळ्या बिशपाच्या हाताखालीं कसें राहावें, असा एकीकडून प्रश्न. आणि नाडार जातीच्या मनुष्याला एवढा मान कसा द्यावा, असा दुसरीकडून, आपल्याच देशबांधवांचा. जातिभेद धर्म बदलल्यानेंहि सुटत नाहीं, याचा हा दाखला आहे. अखेर २९ डिसेंबर १९१२ रोजीं कलकत्त्यास सेंट पॉलच्या कॅथीड्रलांत त्यांचा अभिषेक झाला. वय अवघें अडतीस. आरंभीं प्रांत लहानसा दिला. पुढें कृष्णा व आसपासच्या जिल्ह्यांतील मोठा तेलुगु प्रदेश त्यांत मिळविण्यांत आला, आणि मग इंग्रज मिशनरीहि त्यांच्या हाताखालीं आले. १९२० सालीं केंब्रिज विद्यापीठानें त्यांस एल्. एल्. डी. ही सन्मानाची पदवी दिली. कॉलेजांत जी पदवी हुकली होती, तिची भरपाई अशी झाली.

त्यांच्या प्रांतांतील बहुतेक अनुयायी माला व मादिगा या जातींचे होते. गांवकुसाबाहेरची वस्ती, दुसऱ्याच्या शेतांत मजुरी, कातड्याचें काम, धान्याच्या रूपानें मिळणारा तुटपुंजा मोबदला, आणि बापानें काढलेलें कर्ज मुलानें फेडीत राहावयाचें, अशी त्यांची स्थिति होती. एका नापिकीनें ज्याचें घर मोडतें, असा हा वर्ग. दुष्काळ येतो तो प्रथम यांच्याच दाराशीं येतो. बिशप बैलगाडींतून खेडोपाडीं हिंडत, गांवच्या झाडाखालीं लोकांत बसत, आणि धर्मोपदेशाबरोबर घाण, रोग, कर्ज व दारू या चार भुतांना घालवा म्हणून बजावीत. गांवोगांवीं शाळा निघाल्या; दवाखाने, सहकारी पतपेढ्या निघाल्या; आणि पंतोजी म्हणून त्यांच्याच जातींतील मुलेंमुली शिकून तयार झालीं. १९१२ सालीं सुमारें छप्पन हजार असलेली मंडळी १९४१ सालीं सुमारें सव्वादोन लक्षांवर गेली.

परंतु आकडे सांगावेत एवढ्यासाठीं आम्ही हें चरित्र निवडिलें नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें हें कीं, या अन्नान्न लोकांना अझरय्यांनीं दान करावयास शिकविलें. वर आम्हीं ज्या आक्षेपाचा उल्लेख केला, त्यास हें त्यांचें उत्तर होतें. घरांत रोजचा भात शिजवावयास घेतांना मूठभर तांदूळ बाजूस काढून ठेवावेत, आठवड्यानें ते देवाच्या कामासाठीं आणावेत. सुगींत ज्याचें जें पिकेल, ज्याच्या घरीं जें असेल, तें त्यानें आणून अर्पण करावें. धान्य, कोंबडी, अंडीं, भाजी, कांहींहि चालेल. ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं त्यानें अंगमेहनत द्यावी. गरीब आहे म्हणून त्याला देण्यापासून वगळणें म्हणजे त्याचा अपमान करणें होय, असें त्यांचें मत होतें. या विषयावर १९३९ सालीं त्यांनीं स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. हुंडीवाल्या पेढीवरून आलेल्या हजार रुपयांपेक्षां या मूठभर तांदुळांचें मोल त्यांस अधिक वाटे. कारण त्या हजारानें काम चाले, पण या मुठीनें मनुष्य उभा राही.

दोर्णकलचें त्यांचें मंदिर याच रीतीनें उभें राहिलें. बांधकामास पंचवीस-एक वर्षें लागलीं. पैसे संपले कीं काम थांबे, पुन्हां जमले कीं पुढें चाले. ६ जानेवारी १९३९ रोजीं त्याची प्रतिष्ठापना झाली. तें पाहणारास इंग्लंडांतील एखादें चर्च उचलून आणून ठेवल्यासारखें वाटत नाहीं; खांब देवळाच्या मंडपांतल्यासारखे, घुमट व मनोरे मुसलमानी वास्तूची आठवण देणारे, आणि या सर्वांमध्यें क्रूस. त्या भूमींतील सर्वांची कारागिरी एका छपराखालीं यावी, हा बिशपांचा हेतु त्यांत उघड दिसतो. आज तें गांव तेलंगण राज्याच्या महबूबाबाद जिल्ह्यांत आहे, आणि मंदिर उभें आहे.

चरित्र सांगतांना केवळ गुणच सांगावे, ही भाटांची रीत. ती आम्हांस पसंत नाहीं. अझरय्यांवर टीका पुष्कळ झाली. धर्मांतराच्या प्रश्नावर महात्मा गांधींचा व त्यांचा तीव्र मतभेद होता. अज्ञ व उपाशी लोकांना घाऊक रीतीनें आपल्या धर्मांत घेणें योग्य नव्हे, असें गांधींचें म्हणणें. आणि अस्पृश्याला स्वतःचें मन आहे, बुद्धि आहे, त्याच्या वतीनें दुसऱ्यानें कां ठरवावें, असें अझरय्यांचें. ऑक्टोबर १९३५ मध्यें आमच्या नाशिक जिल्ह्यांत येवलें येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं असें जाहीर केलें, तेव्हां हा वाद देशभर पेटला. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. परंतु दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ मिळावेत या १९३२ च्या जातवार निवाड्यांतील योजनेस याच बिशपांनीं विरोध केला. आमचे लोक देशबांधवांपासून तुटून वेगळे पडावेत असें आम्हांस नको, अशी त्यांची भूमिका होती. उलटपक्षीं, राष्ट्रीय चळवळींत ते उतरले नाहींत, आणि इंग्रजी राज्याविषयीं ते फार मवाळ आहेत असें पुष्कळांस वाटे. तो समज अगदींच निराधार होता असें म्हणतां यावयाचें नाहीं. थोर पुरुषाचें देणें घ्यावयाचें तें असें, त्याची उणीव ध्यानांत ठेवून.

शेवटचीं पंचवीस वर्षें त्यांनीं आणखी एका कामास वाहिलीं. विलायतेंतील पंथांचे तंटे हिंदुस्थानांतील खेडुतांनीं आपल्या डोक्यावर कां वाहावेत, असा त्यांचा प्रश्न असे. १९१९ च्या मे महिन्यांत त्रांकेबार येथें निरनिराळ्या पंथांचे लोक एकत्र बसले, आणि ऐक्याची बोलणीं सुरू झालीं. मुंबईचे त्या वेळचे बिशप पामर यांचेंहि या खटपटींत मोठें साहाय्य झालें. कधीं घासाघीस, कधीं निराशा, असें करीत तें प्रकरण वर्षानुवर्षें चाललें. १ जानेवारी १९४५ रोजीं अझरय्या दोर्णकलास वारले. २७ सप्टेंबर १९४७ रोजीं मद्रासेंत दक्षिण हिंदुस्थानचें संयुक्त चर्च स्थापन झालें, तें पाहण्यास ते नव्हते. पेरणाऱ्याला पीक दिसतेंच असें नाहीं, हें शेतकऱ्याच्या देशांत कोणास सांगावयास पाहिजे?

सभ्य गृहस्थहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावयाचें? आमच्या मतें तीन गोष्टी.

पहिली ही कीं, द्यावें, आणि वेळेवर द्यावें. अझरय्यांनीं मैत्री मागितली म्हणून द्रव्य नको असें कोठेंहि म्हटलें नाहीं. भुकेल्याला नुसता गोड शब्द देणें ही थट्टा आहे. पोटांत अन्न पडल्यावांचून मानाच्या गोष्टी कोणालाहि सुचत नाहींत.

दुसरी ही कीं, द्यावें तें असें द्यावें कीं घेणाऱ्याची पत मोडूं नये. ज्याला काम करतां येतें त्याला काम द्यावें, आणि त्याची मजुरी उपकार म्हणून नव्हे तर त्याचा हक्क म्हणून हातावर ठेवावी. ज्याला बीं पाहिजे त्याला बीं द्यावें. तें त्यानें सुगीनंतर शेजाऱ्याला द्यावें असें सुचवावें. आज आपल्या कोठारापुढें रांगेंत उभा असलेला मनुष्य पुढल्या वर्षीं या वर्गणीच्या यादींत चार आणे लिहून सही करील, तर तें या कमिटीचें खरें यश होय. त्या चार आण्यांची पावती आम्ही सर्वांच्या आधीं फाडूं.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, कारण ती पैशानें भागत नाहीं. ज्या खेड्याला आपण धान्य पाठवितों, त्या खेड्यांत आपल्यापैकीं किती जण गेले आहेत? जे गेले, त्यांपैकीं किती जण तेथें बसले, कोणाच्या घरचें पाणी प्याले, कोणाच्या मुलाचें नांव विचारून परत आले? मुनिमाच्या हातून पोतें पोंचतें. स्नेह मुनिमाच्या हातून पोंचत नाहीं. जमीनदार बंधूंस आमची आणखी विनंती अशी कीं, ज्या कुळाला आपण या हातानें मदत करितों, त्याच कुळाचा सारा व थकलेलें व्याज त्या हातानें या वर्षीं वसूल करूं नये. व्यापारी बंधूंसहि तेंच सांगणें आहे; भाव चढवून मिळविलेल्या नफ्यांतला एक अंश देणगी म्हणून दिला, तर तो हिशेब माणसांच्या वहींत जुळेल, पण तिसऱ्या वहींत जुळणार नाहीं.

एडिंबरोच्या त्या सभेंत एका सांवळ्या मनुष्यानें बाराशें दात्यांसमोर उभें राहून जें मागितलें, तें आजहि प्रत्येक घेणारा मागत असतो. फक्त बोलून दाखविण्याचें धैर्य त्याला होत नाहीं. तो बोलत नाहीं म्हणून त्याला तें नको आहे असें आपण समजूं नये. थैली सढळ सोडा, ही कमिटीची विनंती. आणि थैलीबरोबर आपण स्वतःहि जा, ही आमची.